लक्ष देणें आणि लक्ष लागणें

शिक्षकाच्या तोंडीं दिवसांतून सर्वांत अधिक वेळां येणारें वाक्य कोणतें, असें कोणी विचारल्यास आम्ही क्षणाचाहि विलंब न लावतां सांगूं, "इकडे लक्ष द्या." सव्वीस वर्षें आम्हीं हें वाक्य उच्चारलें. प्रगतिपुस्तकांतहि तेंच निराळ्या रूपानें लिहिलें, "हुशार आहे, परंतु लक्ष देत नाहीं," आणि तें वाचून घरोघरीं पालकांनीं मुलांचे कान धरले असतील. लक्ष ही जणू खिशांतील एखादी वस्तु आहे, मुलाजवळ ती आहे, आणि तो कृपणपणें ती देत नाहीं, असा ह्या वाक्याचा अर्थ होतो. हा अर्थ कितपत खरा आहे याचा विचार आम्हीं फारसा केला नव्हता. तो करावयास आम्हांस एका वहीनें लावलें. ती हकीकत आमच्या नांवलौकिकांत भर घालणारी नाहीं. तरी ती सांगितल्यावांचून पुढील गोष्टी नीट सांगतां येणार नाहींत.

शाळेच्या मागच्या आवारांत, विहिरीच्या पलीकडे, झाडांचें पाणी ठिबकणार नाहीं अशा मोकळ्या जागीं, एक पर्जन्यमापक आहे. २०१६ च्या जूनमध्यें तो बसविला. वर नरसाळें, आंत बाटली, आणि पाणी मोजण्यास खुणा केलेलें एक कांचेचें भांडें, एवढेंच तें यंत्र. हवामानखात्याच्या रीतीप्रमाणें सकाळीं साडेआठ वाजतां आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजावयाचा आणि वहींत मिलिमीटरांत लिहावयाचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें कळल्यावर सातवींतील सहासात मुलामुलींस मोठें नवल वाटलें. आमच्या कोंकणांत एका दिवसांत शंभर मिलिमीटर पाऊस पडणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. म्हणजे पन्नास मीटर लांब व चाळीस मीटर रुंद अशा आमच्या मैदानावर एका रात्रींत दोन लाख लिटर पाणी पडतें, असा हिशोब त्यांनीं आपणहून केला, आणि घरीं जाऊन सर्वांस सांगितला.

त्या पहिल्या वर्षाची वही अजून आमच्याजवळ आहे. आंकड्यांचा रकाना आम्हीं आंखून दिला होता; शेरा लिहिण्याचा रकाना मुलांनीं स्वतः आंखला. "रात्रीं वारा फार, कौलें वाजलीं." "विहिरीच्या दोन पायऱ्या बुडाल्या." "आज बेडकांचा आवाज बंद." एके ठिकाणीं तर, "सरांची छत्री उलटी झाली," असेंहि लिहिलें आहे, तें वृत्त शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी असलें तरी सत्य होतें. ह्या मुलांस कोणी कांहीं देत नव्हतें. सुटीच्या दिवशींहि कोणी ना कोणी येऊन मोजून जाई.

पुढच्या वर्षीं आम्हांस सुबुद्धि सुचली. निदान त्या वेळीं ती सुबुद्धि वाटली. एवढ्या चांगल्या कामास उत्तेजन द्यावें म्हणून आम्हीं जाहीर केलें कीं, दर नोंदीस दोन गुण मिळतील, आणि वर्षअखेर ज्याच्या नोंदी सर्वांत अधिक त्यास एक दुर्बीण बक्षीस मिळेल. दुर्बीण आम्हीं स्वतःच्या खर्चानें आणून वर्गांतील कपाटावर सर्वांस दिसेल अशी ठेवली. परिणाम तत्काळ दिसला. सहासातांचीं वीस मुलें झालीं. पाळ्या लागल्या, पाळ्यांवरून भांडणें लागलीं. रकाने एकही जागा न सुटतां भरूं लागले. शेऱ्याचा रकाना मात्र जूनअखेर रिकामा झाला, तो रिकामाच राहिला. हें आम्हीं पाहिलें नाहीं, कारण तालुक्याच्या विज्ञानप्रदर्शनास ती वही पाठवावयाची होती, आणि भरलेला रकाना पाहून आमचेंहि समाधान होत होतें.

जुलैच्या एका आठवड्यांत पावसानें कहर केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले. त्यांच्या शेताचा बांध वाहून गेला होता, लावणी वाळूखालीं गेली होती. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे महसूलखात्याच्या भाषेंत ती अतिवृष्टि. परंतु मंडळाचें मापक त्यांच्या शेतापासून दूर. ते म्हणाले, "सर, त्यांचं मापक डोंगराच्या पलीकडं. इकडं किती पडला तें तुमच्या वहींत असेलच. पोरगा रोज सांगतो नोंद केली म्हणून. तेवढा आंकडा अर्जाला जोडावा म्हणतों." आम्हीं अभिमानानें वही उघडली. त्या आठवड्याचे आंकडे असे होते: ४०, ४०, ४०, ४२. ज्या रात्रीं आवारांतून गुडघाभर पाणी वाहिलें त्या रात्रीचा आंकडाहि चाळीसच. शेवटच्या बेचाळीसांत कोणीतरी थोडेंसें वैचित्र्य साधलें होतें, इतकेंच.

ती वही आम्ही त्यांच्या हातीं देऊं शकलों नाहीं. ते कांहीं बोलले नाहींत. छत्री उचलली आणि गेले. अर्जास आमच्या शाळेच्या वहीचा कितपत आधार मिळाला असता हा प्रश्न वेगळा. परंतु त्यांनीं विश्वासानें मागितलेली एक खरी गोष्ट आमच्याजवळ नव्हती. त्या दिवशीं पाळी कोणाची होती तें आम्हीं विचारलें. मुलगा खोटें बोलला नाहीं. तो म्हणाला, "सर, फार पाऊस होता. नोंद झाली म्हणजे झालं ना?"

त्या मुलाचें लक्ष नव्हतें, असें आम्ही म्हणूं काय? लक्ष होतें, आणि पुरतें होतें. तें नोंदीवर होतें, पावसावर नव्हतें. आणि तें पावसावरून उचलून नोंदीवर ठेवण्याचें काम आम्हींच केलें होतें.

त्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्ही मेंदूविषयींचीं पुस्तकें घेऊन बसलों. आमचा विषय गणित. तेव्हां जें समजलें तें वाचकांस आमच्याच बेतानें सांगतों.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत अवधान व इच्छाशक्ति यांवर निरनिराळीं प्रकरणें लिहिलीं. परंतु इच्छाशक्तीचा गाभा म्हणजे अवघड विचारावर अवधान टिकवून धरण्याचा प्रयत्नच होय, असेंहि त्यानें प्रतिपादिलें. दोन खोल्या बांधून मध्यें दार ठेवावें तसा हा प्रकार. हें दार मेंदूंत कोठें आहे याचा कांहींसा पत्ता शंभर वर्षांनीं लागला.

आपल्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्यांपैकीं अगदीं थोड्या, कांहीं लाखच, मेंदूच्या मध्यभागीं खोलवर वसलेल्या असून डोपामाइन नांवाचें द्रव्य निर्माण करतात. परंतु त्यांचे तंतु फार दूरवर पसरलेले असतात. (कंपवाताच्या रोगांत ह्यांतीलच पुष्कळ पेशी नष्ट होतात, आणि हातापायांच्या हालचालीबरोबर कित्येक रोग्यांची उमेदहि मंदावते.) डोपामाइन म्हणजे आनंदाचा रस, असें वर्तमानपत्रांत वारंवार छापून येतें. तें बरोबर नाहीं. वोल्फ्राम शुल्ट्झ ह्या शास्त्रज्ञानें माकडांवर केलेले प्रयोग पाहावेत. माकडास फळाच्या रसाचे थेंब अनपेक्षितपणें मिळाले कीं ह्या पेशी जोरानें स्फुरत. पुढें रसाच्या आधीं दर वेळीं एक दिवा दाखवूं लागले. संवय झाल्यावर पेशी दिवा दिसतांच स्फुरूं लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर गप्प राहिल्या! आणि दिवा दाखवून रस दिला नाहीं तर, ज्या क्षणीं तो यावयाचा त्याच क्षणीं, त्यांचें स्फुरण नेहमींपेक्षांहि कमी झालें. १९९७ सालीं शुल्ट्झ, पीटर डायन व रीड मॉन्टेग्यू यांनीं याचा अर्थ लावला तो असा: ह्या पेशी सुख मोजीत नाहींत, अपेक्षा आणि प्राप्ति यांतील फरक मोजतात. आम्हां गणितवाल्यांस हें फार आवडलें. मेंदू वजाबाकी करतो!

मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनीं उंदरांवर केलेलें काम याहून चमत्कारिक आहे. ज्या उंदरांच्या मेंदूंतील डोपामाइन जवळजवळ नाहींसें केलें, ते अन्न समोर असूनहि खाण्यास उठत नसत. भरविलें नाहीं तर उपाशी मेले असते. परंतु त्यांच्या जिभेवर साखरेचें पाणी सोडलें तर ते पूर्वींसारखेच जिभल्या चाटीत. गोड लागत होतें. ओढ मात्र उरली नव्हती. आवडणें व हवें असणें ह्या दोन गोष्टी मेंदूंत वेगळ्या आहेत, हें आम्हांस प्रथम येथें समजलें. एखादा मुलगा कविता ऐकतांना आनंदतो, पण पुस्तक उघडीत नाहीं. त्यास आम्ही आजवर आळशी म्हणत आलों.

आतां ह्या ओढीचा लक्षाशीं संबंध काय? १९९९ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांत मायकेल प्लॅट व पॉल ग्लिमचर यांनीं माकडांच्या मेंदूचा, डोक्याच्या मागच्या वरच्या बाजूस असलेला, एक भाग तपासला. नजर कोठें वळवावी याच्याशीं ह्या भागांतील पेशींचा निकट संबंध आहे. समोर दोन दिवे. कधीं एकाकडे पाहिल्यास रस अधिक, कधीं दुसऱ्याकडे. दिवे तेच, त्यांचा उजेडहि तोच. तरी ज्या दिव्यापासून रसाची आशा अधिक, त्याकरितां पेशी अधिक स्फुरत. पांच वर्षांनीं जॉन मॉन्सेल यांनीं एक मार्मिक शंका काढली. लक्षाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ माकडाचें लक्ष कसें वेधतात? बक्षीस देऊन. बक्षिसाचा अभ्यास करणारे बक्षीस वाढवितात तेव्हां काय होतें? माकडाचें लक्ष वाढतें. मग पेशींत जें दिसलें तें लक्ष कीं बक्षीस, हें ठरवावयाचें कसें? दोघेहि एकाच हत्तीस निरनिराळीं नांवें देत असतील! ही शंका वाचून आम्हीं पुस्तक मिटलें आणि कपाटावरच्या त्या दुर्बिणीची आम्हांस आठवण झाली.

आमच्या मराठी भाषेनें यांतील थोडें आधींच ओळखलें होतें, असें आतां वाटतें. आपण लक्ष देतों, लक्ष ठेवतों, लक्ष घालतों. येथें कर्ता आपण. पण लक्ष लागतें, लक्ष जातें, लक्ष उडतें. येथें कर्ता लक्षच, आपण नुसते प्रेक्षक. आणि अभ्यासाची आपण गोडी "लावून घेतों" तेव्हांहि शेवटीं ती "लागावी" लागते. शिक्षक म्हणून आम्हीं पहिल्या तीन क्रियापदांवर सव्वीस वर्षें काढलीं, आणि दुसऱ्या तिहींकडे पाहिलेंच नाहीं.

२०११ सालीं ब्रायन अँडरसन, पॅट्रिक लॉरेंट व स्टीव्हन यँटिस यांनीं केलेला एक प्रयोग पालकांच्या विशेष उपयोगाचा आहे. लोकांस पडद्यावर रंगीत वर्तुळें दाखवून त्यांतील तांबडें किंवा हिरवें शोधावयास सांगितलें. एका रंगास बहुधा पांच सेंट मिळत, दुसऱ्यास बहुधा एक. पुढें हा खेळ संपला. आतां रंगाशीं कांहीं कर्तव्य नाहीं, पैसाहि नाहीं. फक्त वेगळ्या आकाराची आकृति शोधावयाची. तरी पूर्वीं अधिक पैसे देणारा रंग पडद्यावर कोठें निरुपयोगीपणें दिसला कीं लोकांचें उत्तर किंचित् लांबे. हा उशीर सेकंदाच्या अगदीं बारीक अंशाचा. परंतु तो ठरलेला. मनुष्यानें ठरविलें तर लक्ष जातें, किंवा भपकेदार वस्तूनें ओढलें तर जातें, असें पूर्वीं शिकवीत. येथें तिसराच प्रकार निघाला: वस्तु साधी, मनुष्याचा निश्चय दुसरीकडे, आणि तरी जुन्या लाभाची आठवण डोळ्यांस ओढून नेते.

घरीं अभ्यासास बसलेल्या मुलाजवळचा मोबाइल किणकिणतो आणि मुलाची मान वळते, अशी तक्रार दर पालकसभेंत आम्ही ऐकतों. तो आवाज मोठा नसतो. परंतु त्या आवाजामागून कधीं मित्राचा गोड निरोप आलेला असतो, कधीं कांहींच नाहीं. आणि शुल्ट्झच्या पेशींस अनिश्चित लाभाइतकें दुसरें कांहीं जागें ठेवीत नाहीं. मुलगा जाणूनबुजून अवज्ञा करतो असें समजूं नये. उत्तरपत्रिका तपासतांना आमचीहि मान वळते; आम्हांस विचारणारें कोणी नसतें, एवढाच फरक.

आमच्या वहीची गोष्ट मात्र याहूनहि जुन्या एका प्रयोगांत जशीच्या तशी सांपडली. १९७३ सालीं मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनीं तो प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंत तीन ते पांच वर्षांचीं मुलें रंगीत पेनांनीं आवडीनें चित्रें काढीत. कांहींना आधींच सांगितलें कीं चित्र काढल्यास सोनेरी तारा व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना न सांगतां अचानक दिलें. कांहींना दिलेंच नाहीं. एकदोन आठवड्यांनीं तींच पेनें पुन्हां मांडलीं, तेव्हां ज्यांस आधीं आमिष दाखविलें होतें तीं मुलें इतरांच्या निम्माच वेळ चित्रें काढीत बसलीं. शिवाय बक्षिसासाठीं काढलेलीं त्यांचीं चित्रें गुणांनीं हलकीं ठरलीं होतीं. ४०, ४०, ४०, ४२!

यावरून बक्षिसें सर्वथा वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्रानें त्या मुलांची आवड घटली नाहीं; आणि ज्या कामांत मुळींच गोडी नाहीं तें सुरू करावयास लहानसें आमिष पुष्कळदां उपयोगी पडतें. पाढ्यांचें तसेंच आहे. आमची चूक एवढीच कीं, गोडी होती तेथें आम्हीं साखर ओतली.

तसेंच, बक्षिसाच्या ओढीपेक्षां जिज्ञासेची ओढ निराळी दिसते. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठांत मॅथियास ग्रूबर, चरण रंगनाथ व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं असें दाखविलें: एखाद्या प्रश्नाचें उत्तर जाणण्याची उत्कंठा लागली असतां, उत्तराची वाट पाहतांना दाखविलेला एखादा परका चेहरासुद्धां, ज्याचा प्रश्नाशीं कांहीं संबंध नाहीं, मागाहून अधिक चांगला आठवतो. त्या वेळीं मेंदूचा तोच मध्यभाग, आणि स्मृतीच्या कामाचा हिप्पोकॅम्पस हा भाग, दोन्ही अधिक जागे असतात. हें वाचल्यावर पहिल्या वर्षाच्या वहींतील शेऱ्यांचा रकाना आम्हांस समजला. पाऊस किती, हें जाणण्याची उत्कंठा होती म्हणून विहिरीच्या पायऱ्या दिसल्या, बेडकांचें गप्प होणें ऐकूं आलें, आणि आमची छत्रीहि सुटली नाहीं. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनास पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, झाड दिसलें नाहीं, ही गोष्ट आम्हीं किती वेळां वर्गांत सांगितली असेल! बाण मारणाऱ्यास तें योग्यच. परंतु पाऊस मोजणाऱ्यास झाडहि दिसावें लागतें.

पुढच्या जूनमध्यें आम्हीं गुणांची पद्धति बंद केली, आणि ती दुर्बीण कोणा एकास न देतां सर्वांच्या उपयोगास वाचनालयांत ठेवली. आतां पूर्वींचे दिवस परत येतील अशी आमची समजूत होती. आलें काय? कोणीच नाहीं. सबंध पावसाळाभर नरसाळ्यांत पालापाचोळा सांचला. जीं सहासात मुलें आधीं आपणहून येत, तींहि आलीं नाहींत. त्यांतील एका मुलीस आम्हीं विचारलें तेव्हां ती नम्रपणें म्हणाली, "सर, तें काम आतां बंद झालं ना?" तिला तें आतां काम वाटत होतें. एका शब्दानें गोडी घालवितां येते. ती परत आणण्यास मात्र आम्हांस पांच वर्षें लागलीं. त्यांतील दोन वर्षें तर साथीमुळें शाळाच बहुतेक बंद होती.

त्या शेतकरी गृहस्थांस आम्ही पुढें एकदां बाजारांत भेटलों आणि वहीची खरी हकीकत सांगितली. बांध त्यांनीं स्वतःच पुन्हां घातला होता. ते म्हणाले, "पोरगा रडला होता हो सर त्या रात्रीं." आम्हांस तें ठाऊक नव्हतें.

गेल्या पावसाळ्यांत सहावींतील दोन मुलींनीं आम्हांस विचारलें कीं, त्या नरसाळ्याच्या डब्यांत काय असतें. आम्हीं मापक उघडून दाखविला, आणि एक मिलिमीटर म्हणजे काय तें सांगितलें. याखेरीज कांहीं बोललों नाहीं, आणि न बोलणें आम्हांस किती कठीण गेलें तें आमचें आम्हांस ठाऊक. दुसऱ्या दिवशीं त्या जुनी वही मागावयास आल्या. आतां रोज साडेआठास त्यांची चप्पल विहिरीजवळ वाजते. परवां आम्हीं वही सहज चाळली. जुलैच्या एका पानावर आंकड्याच्या जागीं रेघ मारली आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यांत बारीक अक्षरांत लिहिलें आहे: "नरसाळ्यांत बेडूक बसला होता. पाणी नीट आंत गेलें नसेल. आजचा आंकडा धरूं नये."